विजयपुरीचे ऋण

हैदराबादेपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, नागार्जुनसागराच्या डाव्या तीरावर, १४ मे २०२२ रोजी ‘बुद्धवनम्’ नावाचे विस्तीर्ण शिल्पोद्यान लोकांस खुले झाले. तेव्हापासून तिकडे सहलीस जाऊन येणाऱ्या आमच्या मराठी मंडळींच्या तोंडी एक वाक्य रुळले आहे: आता बेटावर कशाला जायचे? सगळे अलीकडेच पाहायला मिळते, मोटार थेट दारापर्यंत जाते, लाँचेची वाट पाहत बसावे लागत नाही. आमचे भांडण उद्यानाशी नाही, या वाक्याशी आहे.

प्रतिकृती म्हणजे पाप, असे मानणाऱ्या सोवळ्या रसिकांत आम्ही मोडत नाही. २७४ एकरांच्या त्या परिसरात बुद्धचरित्राचे प्रसंग आहेत, जातककथांचे स्वतंत्र उपवन आहे, लहान आकारात घडविलेले नाना देशींचे स्तूप आहेत, श्रीलंकेतील अवुकन येथील उभ्या बुद्धाची सत्तावीस फुटी प्रतिकृती आहे. आणि मध्यभागी अमरावतीच्या धर्तीवर बांधलेला बेचाळीस मीटर व्यासाचा महास्तूप आहे. खुद्द अमरावतीच्या शिळांपैकी पुष्कळशा आज चेन्नई आणि लंडन येथील संग्रहालयांत भिंतींना टेकून उभ्या आहेत. त्या शिळा स्तूपाच्या अंगावर कशा शोभत असतील, याची कल्पना ज्याला करायची असेल त्याने या नव्या स्तूपाला एक प्रदक्षिणा अवश्य घालावी. तेथे सिमेंट आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू, की सातवाहनकालीन कारागिरांना सिमेंट मिळाले असते तर त्यांनी ते नाकारले असते काय?

परंतु प्रतिकृतीला अर्थ येतो तो मूळ कोठे आहे हे ठाऊक असेल तरच. आणि येथे मूळ कोठे आहे? समोरच्या पाण्याखाली आहे.

ज्या पाण्याची शोभा पाहत आपण उद्यानात बसतो, त्याच्या तळाशी इक्ष्वाकु राजांची विजयपुरी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत गजबजलेली ही राजधानी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, कृष्णेच्या उजव्या काठी वसली होती. येथे तीसांहून अधिक बौद्ध वास्तू होत्या आणि नदीकाठी शिवाची व कार्तिकेयाची देवळेही होती. १९२६ साली हे स्थळ संशोधकांच्या नजरेस आले. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते धरणाचा पाया घातला गेला. त्याच्या आगेमागे, १९५४ ते १९६० या सहा वर्षांत, आर. सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखाली सारे खोरे उकरण्यात आले. पाणी चढणार हे ठाऊक असताना चाललेले ते उत्खनन होते. नऊ वास्तू डोंगरमाथ्यावर पुन्हा रचल्या गेल्या, इतर काहींच्या प्रतिकृती काठावर अनुपू येथे उभ्या राहिल्या, आणि १९६७ साली कालव्यांत पाणी सुटले. तो डोंगरमाथा हेच आजचे बेट.

धरण नको होते, असे आम्ही म्हणत नाही. नालगोंड्याच्या आणि पलनाडच्या कोरड्या जमिनीत ज्यांच्या ताटात भात आला, त्यांच्यासमोर उभे राहून स्तूपाचे रडगाणे गाण्याचा निर्लज्जपणा आमच्यात नाही. पण एक व्यवहार झाला, हे तरी कबूल करू या. एका नगराच्या बदल्यात पाणी घेतले गेले. नगर परत देता येत नाही. परत देता येते ते त्याचे ज्ञान. त्या ज्ञानाचा हिशेब मात्र असा आहे: उत्खनन संपले १९६० साली, अहवालाचा पहिला खंड निघाला १९७५ साली, आणि ऐतिहासिक काळाचा, म्हणजे ज्या काळासाठी जग या स्थळाला ओळखते त्या काळाचा, दुसरा खंड प्रकाशात आला २००६ साली! सेहेचाळीस वर्षे. खोदणाऱ्या पिढीतील कितीजण तो पाहण्यास उरले असतील? उद्याने यापेक्षा पुष्कळ लवकर उभी राहतात, कारण उद्यानाचे उद्घाटन करता येते. अहवालाच्या उद्घाटनाला कोण येतो?

बेटावरच्या संग्रहालयात हिरवट छटेच्या चुनखडकातील शिल्पे आहेत. ती सुंदर आहेतच. परंतु आमच्या मते या खोऱ्याचे खरे धन म्हणजे येथील प्राकृत लेख. राजा वासिष्ठीपुत्र चांतमूल अश्वमेध करतो, आणि त्याची बहीण चांतिसिरी महाचैत्यासाठी स्तंभ उभारते. त्याच्या मुलाची, वीरपुरुषदत्ताची, एक राणी उज्जयिनीच्या महाराजाची कन्या आहे; घराण्यातील एक लेक वनवासाच्या, म्हणजे बनवासीच्या राजाला दिलेली आहे. माळव्यात व कर्नाटकाच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्या वाचकांनी हे नातेसंबंध जरा सावकाश वाचावेत.

राजघराण्याचे राहू द्या. बोधिसिरी नावाच्या एका गृहपतिकन्येचा लेख पाहा. तिने ताम्रपर्णीच्या आचार्यांसाठी चैत्यगृह बांधले. त्या आचार्यांनी कोणकोणत्या देशांत धर्म नेला, त्याची यादी लेखात आहे; काश्मीर, गांधार, चीन, वंग यांच्या जोडीला तीत अपरान्त आहे आणि वनवासीही आहे. अपरान्त म्हणजे आमचे कोकण! शिवाय या बाईने कोठे खोल्या दिल्या, कोठे मंडप, कोठे तळे, याचा पैपैचा म्हणावा असा तपशील आहे. लेखाच्या अखेरीस कामावर देखरेख करणाऱ्या तीन थेरांची नावे आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ दगड घडविणाऱ्या विधिकाचे. आजच्या कोणत्या उद्घाटनशिलेवर पाथरवटाचे नाव कोरलेले तुम्ही पाहिले आहे?

ही विधिकाची ओळ ज्याला ठाऊक नाही, त्याने उद्यानातील शेकडो शिल्पे पाहिली काय आणि धरणाचे सव्वीस दरवाजे पाहिले काय, सारखेच. दोहोंसमोर छायाचित्र उत्तम येते.

आमच्या मंडळांच्या सहली दरवर्षी निघतात. निघण्यापूर्वी चौकशी होते ती एकच: दरवाजे उघडले आहेत का? त्याऐवजी लाँचेची वेळ विचारली जावी. सकाळी बेट, दुपारी अनुपू, आणि पायांत त्राण उरले तर सायंकाळी उद्यान, हा क्रम धरावा. उलटा धरल्यास बेट राहून जाते. हैदराबादेत प्राकृत जाणणाऱ्यांचा अगदीच दुष्काळ पडलेला नाही. त्यांच्यापैकी एखाद्याला नाश्त्याच्या डब्यांबरोबर सहलीत सामील करून घ्यावे, आणि बोधिसिरीचा लेख मराठी अर्थासह छापून प्रत्येकाच्या हाती द्यावा. एका कागदाच्या दोन बाजूंत तो सहज मावेल.