ग्रंथालयांची सौर परीक्षा

विजेचा दिवा व्यवहारात येण्यापूर्वी चार दशके, म्हणजे १८३८ साली, नगर शहरात वाचनालय स्थापन झाले. २०२४ साली ज्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्या जिल्ह्याची वाचनपरंपरा अशी जुनी आहे. आता सार्वजनिक ग्रंथालयांच्या छपरांवर सौर वीज आणावी, असा विचार बळावत आहे. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. मात्र फीत कापण्याची घाई होण्यापूर्वी या तंत्राची चोख परीक्षा व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जिल्ह्याला सूर्याची वाण नाही आणि अनुभवाचीही नाही. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून सूर्याच्या उष्णतेने वाफ तयार करून अन्न शिजवण्याचा मोठा प्रयोग झाला. शेतपंपांना दिवसा सौर वीज देण्याच्या राज्याच्या योजनेचा प्रारंभ २०१७ साली राळेगणसिद्धीत झाला. परंतु स्वयंपाकघर आणि शेतपंप यांचे काम दिवसा चालते. ग्रंथालयाची खरी वर्दळ असते ती संध्याकाळी. दिवसभर काम करून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण वाचनकक्षात येतो, तेव्हा सूर्य मावळलेला असतो.

येथेच एक गोष्ट बहुधा विसरली जाते. वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला साधा सौर संच वाहिनी बंद पडताच स्वतःही बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाला धोका पोहोचू नये, म्हणून केलेली ही व्यवस्था योग्यच आहे. अशा संचाने बिल उतरेल. पण भारनियमनाच्या वेळी अंधार तसाच राहील. तो टाळावयाचा तर बॅटरी हवी. सौर पट्टे पंचवीस वर्षे टिकतात, साधी शिसे-आम्लाची बॅटरी मात्र पाच-एक वर्षांत बदलावी लागते. त्या वेळी पैसा कोठून आणावयाचा, याचा विचार आरंभीच झाला नाही, तर एक तर संच निकामी पडून राहील किंवा ग्रंथखरेदीला कात्री लागेल.

साधा हिशेब मांडून पाहावा. २० वॅटचे दहा दिवे आणि ७५ वॅटचे आठ जुने पंखे चार तास चालवले, तर ३.२ युनिट वीज लागते. एक किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे चार युनिट देतो. पंखे बदलून ३० वॅटचे बसवले, तर तेवढ्याच वेळात १.७६ युनिट पुरतात. म्हणजे छपराकडे पाहण्यापूर्वी आढ्याच्या पंख्याकडे पाहणे हिताचे.

म्हणून आमची सूचना अशी की, शासनमान्य ग्रंथालयांच्या अ, ब, क आणि ड या वर्गांतून प्रत्येकी एक ग्रंथालय निवडावे व वर्षभर प्रयोग करावा. किती वीज निर्माण झाली, किती वापरली, संच कधी व का बंद पडला, दुरुस्तीस किती दिवस लागले, याची नोंद ग्रंथपालाने रोज ठेवावी. वैशाखात तापलेला पट्टा कमी वीज देतो, धुळीने ती आणखी घटते आणि श्रावणातले ढग निराळीच कसोटी पाहतात. म्हणून वर्षाहून कमी मुदतीचा निष्कर्ष आम्ही ग्राह्य मानणार नाही. ही नोंद वाचनकक्षातील फलकावर दरमहा लावावी, म्हणजे आपल्या घरावर असा संच बसवू इच्छिणाऱ्या नागरिकालाही ती वाचता येईल.

ग्रंथालय हे खरी माहिती सर्वांस मोफत देणारे स्थान होय. त्याच्या छपरावरील प्रयोगाचे यशापयशही तितक्याच मोकळेपणाने जनतेपुढे यावे. बॅटरी बदलण्याची तरतूद ज्या कागदावर नाही, अशा मंजुरीवर विश्वस्तांनी सही करू नये, एवढीच आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.