वाघाचे शेजारी

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर नावाचे अभयारण्य आहे. सागाचे हे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे १४८ चौरस किलोमीटरच आहे. परंतु तेथील वाघांची कीर्ती दूरवर पसरली आहे.

वाघ पाहावयास आज ठिकठिकाणचे लोक येथे येतात. त्यामुळे गावातील कोणी वाटाड्या झाला, कोणी जीपगाडी चालवू लागला, कोणाच्या घरी पाहुण्यांचा स्वयंपाक होऊ लागला. पावसाने दगा दिला की ज्या मुलखात कापसाचे पीक हातचे जाते, तेथे ही मिळकत हिणवण्याजोगी नाही.

परंतु मुलांनो, पाहुणा वाघ पाहतो आणि घरी जातो. शेजाऱ्याला मात्र त्याच्या सोबतीनेच राहावे लागते. वाघाला अभयारण्याची सीमा ठाऊक नसते. २०१९ साली टिपेश्वरातून निघालेला एक वाघ शेतेशिवारे ओलांडीत थेट बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. रोही आणि रानडुकरे उभे पीक फस्त करतात, म्हणून शेतकऱ्याला रात्ररात्र जागल करावी लागते. पावसाळ्यात पर्यटकांच्या फेऱ्या थांबतात. पण निंदणीसाठी शेतकऱ्याला त्याच दिवसांत रानालगतच्या शेतात जावे लागते. याच जिल्ह्यात, अभयारण्याबाहेर, राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका 'अवनी' वाघिणीवर आला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती गोळीने मारली गेली. माणसेही गेली, वाघीणही गेली.

मग पर्यटन बंद करावे काय? मला तसे वाटत नाही. मात्र वाघ पाहण्याचे सुख एकाने भोगावे आणि त्याचे भय दुसऱ्याने सोसावे, हा अन्याय दूर झाला पाहिजे. प्रवेशशुल्कातील योग्य वाटा लगतच्या गावांच्या शाळा, विहिरी व कुंपणे यांसाठी खर्च व्हावा. पर्यटनातील कामावर पहिला हक्क त्या गावांतील तरुणतरुणींचा असावा. पिकांची व गुरांची भरपाई विनाविलंब मिळावी. ज्याच्या चुलीला वाघाचा आधार आहे, तो वाघाचा वैरी कशाला होईल?

तुम्हीही एखाद्या दिवशी टिपेश्वरला जाल. वाघ दिसो वा न दिसो, परतताना वाटेवरच्या शेतातील मचाणाकडे एकवार अवश्य पाहा. तेथे रात्र जागणाऱ्या माणसाने वाघाला शेजारी राहू दिले आहे. म्हणूनच तो आपल्याला पाहावयास मिळतो.