माणूस वळवण्याची विद्या आपण लबाडांच्या हवाली केली

सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरच्या चौकात अकलूज, सांगोला, माळशिरस आणि पंढरपूर अशा चार वाटा येऊन मिळतात. या वाटांनी आषाढात वारकरी येतात, पायी, टाळ वाजवीत. बाकी अकरा महिने येतात ते गाडीतून, हातात फॉर्म घेऊन. वारकऱ्याला आपण पाणी देतो, पाया पडतो आणि पुढच्या मुक्कामाला लावतो. फॉर्मवाल्याला ओसरीवर बसवतो आणि लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे मोजून देतो. वारकऱ्याचे ऐकायला आपल्याला सवड नसते. फॉर्मवाल्याचे मात्र दोन-दोन तास ऐकतो. हे का होते, याचे उत्तर आपण टाळत आलो आहोत. ते उत्तर असे की फॉर्मवाल्याने माणसाचा अभ्यास केला आहे आणि आपण केलेला नाही.

ऊसपट्ट्यातला, तोडीच्या टोळ्या जमवणारा मुकादम पाहा. त्याच्याकडे पदवी नाही, पण कोणत्या घरात लग्न निघाले आहे, कोणाचे दवाखान्याचे बिल थकले आहे, कोणाच्या घराचे पत्रे उडाले आहेत, हे त्याला तोंडपाठ असते. तो पैशाचे बोलणे आधी काढत नाही. म्हाताऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करतो, पोराला खाऊ देतो, मग उठता उठता सांगतो की अडचण असेल तर लाजू नका. त्या एका वाक्यावर नवरा-बायकोचा अख्खा कोयता पुढच्या हंगामासाठी बांधला जातो. ही आगाऊ उचल घेतली की फडावर भावाची घासाघीस संपते. हाच मुकादम वाहनमालकाकडे बसतो तेव्हा त्याची भाषा बदलते. टोळी नक्की आणतो म्हणून लाखांनी आगाऊ रक्कम घेणाऱ्या आणि हंगामात तोंड न दाखवणाऱ्या मुकादमांच्या तक्रारी सोलापूर भागातल्या पोलीस ठाण्यांना नव्या नाहीत. सगळे मुकादम असे नसतात. कित्येक स्वतःच कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये भरडले जातात. पण समोरच्याची गरज ओळखायची, वेळ साधायची आणि त्याला कमीपणा वाटू न देता हो म्हणायला लावायचे, ही विद्या त्यांच्याइतकी कोणत्याही शिक्षकाला आपण शिकवलेली नाही.

साखळी योजनावाले तर याच्याही पुढे गेले. 2014 मध्ये नाशिकच्या केबीसी कंपनीचे फसवणुकीचे प्रकरण बाहेर आले. त्याच वर्षी सेबीने पीएसीएल या कंपनीला गुंतवणूकदारांचे 49,100 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. जमिनीच्या नावाखाली हे पैसे देशभरातून, बहुतेक खेड्यापाड्यांतून आणि लहान गावांतून गोळा झाले होते. 2019 मध्ये इस्लामपूरच्या एका कंपनीचे कडकनाथ कोंबडीपालन कोसळले. पिल्ले आमची, खाद्य आमचे, अंडी आणि पक्षी आम्हीच विकत घेऊ, असे सांगून पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या दारात शेड उभ्या केल्या गेल्या, आणि एक दिवस पक्षी न्यायला कोणी आलेच नाही. 2022 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, शेअर बाजारातून भरघोस परताव्याच्या आमिषाने झालेल्या कोट्यवधींच्या फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला.

या सगळ्यांची रीत एकच असते. ते आधी शेतकऱ्याकडे जात नाहीत. ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे असा निवृत्त मास्तर किंवा पतपेढीचा सचिव गाठतात. पहिले दोन-तीन हप्ते तारखेला, न मागता, घरपोच देतात. मग मंगल कार्यालयात मेळावा होतो, फेटे बांधले जातात, व्यासपीठावर एका ओळखीच्या माणसाला धनादेश दिला जातो. शेवटी कानात सांगतात की ही बॅच भरत आली, तुमच्यासाठी एकच जागा ठेवली आहे.

रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विक्रेते, वर्गणी गोळा करणारे आणि जाहिरातवाले यांच्यात मिसळून, त्यांचे प्रशिक्षण घेऊन माणूस ‘हो’ कधी म्हणतो याचा अभ्यास केला आणि 1984 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. उपकाराची परतफेड, एकदा दिलेला शब्द, चार लोक करतात म्हणून करणे, आपल्या माणसावरचा लोभ, मोठ्याचा दबदबा आणि संधी हुकण्याची भीती, अशा सहा कळा त्याने मांडल्या. त्या सहाही कळा आपल्या मंगल कार्यालयातल्या मेळाव्यात एका दुपारी दाबल्या जातात. दाबणाऱ्याने ते पुस्तक पाहिलेलेही नसते. त्याने आपल्याला पाहिलेले असते.

यावर सुशिक्षितांचे ठरलेले उत्तर आहे: लोक हावरट आहेत, भोगतील आपल्या कर्माची फळे. हे उत्तर खोटे आहे आणि निर्लज्जही. कडकनाथची शेड घालणाऱ्या शेतकऱ्याला परक्याने फसवले नाही. त्याच्याकडे फॉर्म घेऊन आला तो त्याचा मेहुणा, त्याचा वर्गमित्र, त्याच्या पोराचा शिक्षक. कमिशनसाठी आपण नाती विकायला काढली. बहिणीच्या घरचे पाणी पिऊन तिच्याच नवऱ्याची सही घेतली. आणि फॉर्मवाल्याकडे पैसा आला तेव्हा गावाने काय केले? सप्ताहाच्या पंगतीच्या फलकावर त्याचे नाव लिहिले, जयंतीच्या मंडपात पुढची खुर्ची दिली, पोराच्या वाढदिवसाला चौकात बॅनर लावले. हा पैसा कोठून आला, असे एकाही ज्येष्ठाने विचारले नाही. योजना बुडाली तेव्हा फसवणाऱ्यावर थुंकण्याऐवजी फसलेल्याला हसलो. त्या हसण्याच्या धाकाने कित्येक जण तक्रार द्यायलाच गेले नाहीत. साखळीने पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा या देशात 1978 पासून आहे. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा 1999 चा आहे. कायदा चोराच्या मागे धावतो. चोर ओसरीवर बसलेला असतो तेव्हा तेथे फक्त आपण असतो.

आता चांगल्या माणसांकडे वळू, कारण माझा खरा आरोप त्यांच्यावर आहे. कृषी खात्याचा माणूस माती परीक्षणाचे फायदे कागदावरून वाचतो आणि गाडीला किक मारतो. डॉक्टर साप चावलेल्या पोराला मांत्रिकाकडे नेले म्हणून बापावर सगळ्या वॉर्डासमोर ओरडतात. तो बाप पुढच्या वेळी आधी मांत्रिकाकडेच जातो, कारण मांत्रिक ओरडत नाही. शहरातून आलेला पदवीधर भाऊ वहिनीला अडाणी म्हणतो आणि आपले कर्तव्य झाले समजतो. ग्रामसभेत खरे बोलणारा एकटाच उभा राहतो, कारण आदल्या रात्री चार घरी जाऊन बोलणे त्याला कमीपणाचे वाटते. लोकांना पटवणे म्हणजे चमचेगिरी, असे आम्ही मानून बसलो. आपले म्हणणे खरे आहे ना, मग लोकांनी ते आपोआप मान्य करावे, ही आमची अपेक्षा. या अपेक्षेचे नाव तत्त्वनिष्ठा नाही. हा माज आहे.

आणि हा माज कोणत्या भूमीत? वेळापूरजवळच्या धावाबावीला माउलींच्या पालखीपुढे भारुडे होतात, ही वारीतली जुनी रीत. तुकोबांना पंढरीचा कळस येथून दिसला आणि ते धावत सुटले, असे परंपरा सांगते. म्हणून वारकरी येथे धावा करतात. भारूड ज्या एकनाथांनी रुजवले ते पैठणचे ब्राह्मण, विद्वान. सोळाव्या शतकात त्यांना लोकांपुढे पोथी उघडून बसता आले असते. त्यांनी जोशाचे, वासुदेवाचे, गोंधळ्याचे, महाराचे सोंग घेतले आणि विंचू उतरवणाऱ्याच्या भाषेत षड्रिपू सांगितले. ऐकणारा ज्या पायरीवर उभा होता त्या पायरीवर ते स्वतः उतरले. आज आपण भारुडाचे चित्रीकरण करतो, हसतो, मोबाईल खिशात घालतो आणि त्यातली रीत धुळीत टाकून घरी जातो.

गाडगेबाबा तर कालपरवाचे; 1956 मध्ये गेले. ते गावात शिरत ते झाडू घेऊन. आधी गाव झाडत, मग रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसभर आपली घाण काढणाऱ्याचे न ऐकण्याचे धैर्य कोणात असणार? कीर्तनात ते उपदेश करत नसत, प्रश्न विचारत. साधा प्रश्न, त्याला लोकांचे मोठ्याने उत्तर, पुन्हा प्रश्न. असे करत करत कर्ज काढून सण करणे, देवापुढे बोकड कापणे, माणसाला अस्पृश्य मानणे हे चूक आहे, असे श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. स्वतःसाठी पैसा घेत नसत. म्हणूनच त्यांच्या शब्दावर लोकांनी जे दिले त्यातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची त्यातलीच एक.

त्याच पंढरपुरात विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 रोजी उपोषण सुरू केले. उपोषणाचा निर्णय त्याआधीच झाला होता, पण ते लगेच बसले नाहीत. महिनोन्‌महिने महाराष्ट्र फिरले, गावोगावी सभा घेतल्या, सेवा दलाच्या कलापथकांनी गाणी म्हटली, कितीतरी गावांत मंदिरे आणि पाणवठे आधीच उघडले गेले. पंढरपुरात विरोध कडवा होता, तरी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि दार उघडले. जे हृदय मऊ म्हणून आपण शाळेच्या पुस्तकात बंद करून ठेवले, त्या हृदयामागे केवढे नियोजन होते!

ज्या उसावर आज हा माळशिरस तालुका उभा आहे त्याचीही गोष्ट हीच. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, सावकारीने पोळलेल्या, कोणावरच विश्वास न उरलेल्या शेतकऱ्यांकडून त्यांनी सहकारी साखर कारखान्यासाठी भागभांडवल उभे केले. सोबत धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता. 1950 च्या सुमारास कारखान्याचा बॉयलर पेटला. लोकांकडून पैसे तेव्हाही घेतले गेले, विश्वास तेव्हाही मागितला गेला.

मग विखे पाटील आणि कडकनाथवाला यांत फरक कोणता? फरक ओळखायला चार प्रश्न पुरतात. पहिला: हा माणूस माझ्या शंकेने खूश होतो की चिडतो? दुसरा: विचार करायला मला वेळ देतो की आजच सही मागतो? तिसरा: घरी बोला, चार जणांना विचारा म्हणतो की कोणाला सांगू नका म्हणतो? चौथा: मी हो म्हटल्याने त्याच्या खिशात काय पडते, ते तो स्वतःहून सांगतो का? सेवा करणाऱ्याला या प्रश्नांची भीती नसते. लबाडाला चारही नको असतात. हे चार प्रश्न शाळेच्या फळ्यावर, महिला बचत गटाच्या बैठकीत, सप्ताहाच्या कीर्तनात आणि दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर असायला हवेत.

पण नुसती ओळख शिकवून भागणार नाही. चांगल्याने वळवणेही शिकले पाहिजे. शिक्षकाने पालकाच्या घरी जाऊन तासभर फक्त ऐकावे. डॉक्टरांनी मांत्रिकाकडे गेलेल्या बापाशी बाजूला घेऊन बोलावे आणि चारचौघांत त्याचा मान राखावा. ग्रामसभेत ठराव मांडणाऱ्याने आधी विरोधकाच्या घरचा चहा प्यावा. पोरीचे लग्न अठराच्या आत नको, हे बापाला सांगायचे तर आधी आजीला पटवावे, कारण घाई बहुधा तिचीच असते. श्रेय दुसऱ्याला द्यावे आणि काम पदरात पाडून घ्यावे. यात कसली लाज?

लबाडाने ही मेहनत पैशासाठी केली. आपण माणसासाठीही केली नाही. ज्याला चार माणसांशी बोलता येते आणि तरी जो आपल्या खरेपणाच्या तोऱ्यात घरी बसून राहतो, त्याने फसवणाऱ्यासाठी जागा मोकळी करून दिली. उद्या गावाच्या बुडीत रकमेचा हिशेब निघेल तेव्हा आरोपींच्या यादीत त्याचेही नाव लिहावे लागेल.