परक्या गावातला गणपती

परदेशात एखादे हिंदू मंदिर उभे राहिले, की इकडे आपल्या छात्या फुगतात. "पाहा, आपला देव साता समुद्रांपलीकडे गेला!" देव गेला हे खरेच. पण तिकडे त्याला दार कोणी उघडले, हे विचारण्याची तसदी आपण घेत नाही.

न्यूयॉर्कमधील फ्लशिंगचे उदाहरण घ्या. तिथे जाऊन राहिलेल्या आपल्या लोकांनी १९७० साली एक संस्था काढली. रशियन ख्रिस्ती पंथाचे जुने चर्च विकत घेतले आणि त्या जागी मंदिर बांधून ४ जुलै १९७७ रोजी गणपतीची प्रतिष्ठापना केली. तळघरात उपाहारगृह आहे. तिथे डोसा खायला परधर्मीयही येतात. गणेशोत्सवात भर रस्त्यातून रथ निघतो. २०२२ साली शहराने त्या रस्त्याला 'गणेश टेंपल स्ट्रीट' हे जोडनावही दिले.

त्या रस्त्याचे मूळ नाव मात्र बाउन स्ट्रीट. हा बाउन कोण?

तो मुलूख तेव्हा डचांचा होता. गव्हर्नर स्टायव्हेसंट याने क्वेकर पंथाच्या लोकांना थारा देण्यास मनाई केली. १६५७ साली फ्लशिंगच्या तीसेक रहिवाशांनी त्याला लेखी कळवले, की हा हुकूम आम्ही पाळणार नाही. सह्या करणाऱ्यांत स्वतः क्वेकर एकही नव्हता! त्यांचे भांडण शेजाऱ्याच्या देवासाठी होते. गावचा कारकून नि अंमलदार त्यापायी कैदेत गेले. पुढे १६६२ साली जॉन बाउनने क्वेकरांना आपल्या घरात प्रार्थनेला जागा दिली. त्याला पकडून हद्दपार केले. त्याने हॉलंडात जाऊन कंपनीपुढे दाद मागितली, आणि कंपनीने गव्हर्नरालाच समज दिली. बाउनचे ते घर आपल्या मंदिराच्याच रस्त्यावर आजही उभे आहे.

कोणी म्हणेल, "तिथला कायदाच तसा आहे, त्यात उपकार कसले?" अहो, कायदा काही आभाळातून पडत नाही. तो होण्याआधी कोणाला तरी तुरुंगात जावे लागते.

आता आपला हिशेब मांडू. नाशिकच्या काळारामाचे दार आपल्याच माणसांना उघडावे म्हणून १९३० साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पंढरीच्या विठोबासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. "ते जुने झाले," असे म्हणून सुटका नाही. आजही आपल्या आळीत परधर्मीयाने प्रार्थनेपुरती जागा मागून पाहावी. लगेच आपल्याला गर्दी आठवते, आवाज आठवतो, मुलांचा अभ्यास आठवतो! रथामुळे वाट अडते, ढोलामुळे झोप मोडते, हे फ्लशिंगच्या शेजाऱ्यांनाही म्हणता आले असते. त्यांचे ऐकून शहराने रथ अडवला असता, तर इथे आपण केवढा गहजब केला असता!

परक्या गावात आपण पाहुणे असतो तेव्हा सहिष्णुता हा आपला हक्क, आणि आपल्या गावात आपण यजमान असतो तेव्हा मात्र ती दुबळेपणाची खूण! हा न्याय कुठला?

फ्लशिंगच्या गणपतीचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र ज्याला शेजाऱ्याचा देव आपल्या गल्लीत खपत नाही, त्याने तो अभिमान चारचौघांत मिरवू नये. तो त्याने कमावलेला नाही.