उद्योगपतीविना उद्योगनगरी

उद्योगमहर्षींच्या चरित्रांचे महाराष्ट्राला आकर्षण आहे. बेळगावात सायकलचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी स्थापन करण्यात आणि १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढण्यात पुढाकार घेतला. इचलकरंजीची कथाही अशाच एका धाडसाने सुरू होते. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्यांना उत्तेजन होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी किर्लोस्करांना जमीन व अर्थसाह्य दिले, त्याच जातीचे हे उत्तेजन होय. एकट्याच्या कर्तृत्वाची म्हणून सांगितली जाणारी कथा बहुधा सार्वजनिक आधारावरच उभी असते, हे विसरून चालणार नाही.

येथून पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. किर्लोस्करांच्या नांगरातून एक उद्योगघराणे उदयास आले. दातारांच्या मागातून एक अख्खे गाव उद्योगी झाले. याचे कारण मागाच्या स्वरूपातच आहे. ओतशाळेला मोठे भांडवल एके ठिकाणी लागते. चार-सहा माग घराशेजारच्या पत्र्याच्या खोलीतही चालतात. कालचा कामगार त्यामुळे उद्याचा मालक होऊ शकला. शिवाय १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेस किमान दहा कामगारांची अट घातल्याने लहान मागवाला त्या बंधनांबाहेर राहिला. १९६२ च्या सुमारास डेक्कन सहकारी सूतगिरणीने सहकाराची जोड दिली. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचल्या आणि यंत्रमागांचे महत्त्व आणखी वाढले.

मग संपत्ती विखुरली, असे समजावे काय? दुर्दैवाने तसे नाही. येथे ज्याला 'खर्चीवाला' म्हणतात, तो माग स्वतःचा असूनही व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर मजुरीने कापड विणतो. सुताचा भाव त्याच्या हाती नाही, कापडाचा भावही नाही. विजेचे बिल आणि मागाची दुरुस्ती तेवढी त्याची. नावाने तो मालक, वस्तुतः मजूर! आणि त्याच्या मागावर उभा राहणारा कामगार तर त्या मजुराचा मजूर. मंदीचा पहिला फटका या शेवटच्या माणसास बसतो. बडा उद्योगपती निदान दिसतो. त्याच्या दारावर मोर्चा नेता येतो. विखुरलेल्या उद्योगात जबाबदारीही विखुरते.

हीच गोष्ट पंचगंगेची. नदी कोणा एकाने नासविली नाही, म्हणून ती स्वच्छ करणे कोणा एकाचेच काम ठरत नाही. २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे आलेल्या काविळीच्या साथीने या शहरात अनेकांचे बळी घेतले. २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पण पाटी बदलल्याने पाणी बदलत नाही.

तेव्हा इचलकरंजीला नवा उद्योगमहर्षी हवा, असे आम्हांस वाटत नाही. खर्चीवाल्याची मजुरी लेखी कराराने ठरावी, सूतखरेदी सहकारी पद्धतीने व्हावी, कामगाराच्या किमान वेतनाची नोंद राहावी आणि सांडपाण्याचा भार प्रत्येकाने आपल्या वाट्याप्रमाणे उचलावा. यांतील एकही गोष्ट अलौकिक प्रतिभेची नाही. ज्या गावाने एका मागापासून एवढा पसारा उभा केला, त्याला हे अशक्य आहे असे कोण म्हणेल?