नागोयाचे पत्र : बग्गीचे एंजिन का तापते?



बेर शेवा येथील एका वाचकबंधूंचे पत्र गेल्या महिन्यात हाती आले. त्यांचा धाकटा मुलगा सैन्यातील सेवा संपवून मोकळा झाला आहे. साठविलेल्या पैशांतून त्याने जुन्या फोक्सवॅगनचे एंजिन व चासी विकत घेतली असून वाळूवर चालणारी उघडी बग्गी तो स्वहस्ते बांधीत आहे. एंजिन एकदा संपूर्ण खोलून त्यात नव्या रिंगा व बेअरिंगे बसविली. तरीही अर्ध्या तासात ते असह्य तापू लागले. दुसऱ्यांदा खोलले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला आढळला. "आता तिसऱ्यांदा पैसे ओतावयाचे, की हे धूड भंगारात द्यावयाचे? मुलगा हट्टास पेटला आहे आणि घरात रोज कुरबुर आहे," असे ते लिहितात.

हा प्रश्न नागोयास विचारला जावा यात एक औचित्य आहे. इसे उपसागराच्या टोकाशी सपाट मैदानात वसलेले हे शहर उन्हाळ्यात उष्मा आणि दमटपणा या दोहोंनी जीव नकोसा करते. ३ ऑगस्ट २०१८ रोजी येथे पारा ४०.३ अंशांवर गेला होता. अशा हवेच्या या आयची प्रांतात टोयोटा कंपनीने १९६१ साली 'पब्लिका' नावाची छोटी मोटार बाजारात आणली. तिचे एंजिन ६९७ घनसेंटिमीटरचे, २८ अश्वशक्तीचे, समोरासमोर आडव्या निजविलेल्या दोन सिलिंडरांचे आणि केवळ हवेने थंड होणारे होते. त्याच घराण्यातील ७९० घनसेंटिमीटरचे, ४५ अश्वशक्तीचे एंजिन १९६५ च्या 'स्पोर्ट्‌स ८००' या चिमुकल्या गाडीत बसविले गेले. पुढच्याच वर्षी येथून जवळच्या सुझुकाच्या ५०० किलोमीटरांच्या शर्यतीत, मोठमोठ्या गाड्या पेट्रोलसाठी थांबत असता, ही गाडी वाटेत पेट्रोल न भरता पहिली आली. नागोयाला लागूनच असलेल्या नागाकुते गावी १९८९ साली उघडलेल्या टोयोटाच्या मोटार-संग्रहालयात पब्लिका आजही पाहावयास मिळते. तात्पर्य, पाण्याची टाकी नाही म्हणून एंजिन तापणारच, ही समजूत खरी नाही. रचना शाबूत असेल तर हवा आपले काम चोख करते.

काही ज्येष्ठ वाचकांस फोक्सवॅगन हे नावच रुचत नाही, आणि त्यामागील वेदना समजण्याजोगी आहे. परंतु सामान्य कुटुंबास परवडेल अशा छोट्या मोटारीचा जर्मनीत हिरीरीने पुरस्कार करणाऱ्यांमध्ये योसेफ गांझ हा यहुदी अभियंता अग्रभागी होता, हेही आपण जाणून असावे. १८९८ साली बुडापेस्ट येथे जन्मलेल्या या माणसाने १९३१ साली 'मायकेफर', म्हणजे भुंगेरा, या नावाची प्रायोगिक गाडी तयार केली होती. नाझी सत्तेवर येताच त्याला अटक झाली, देश सोडावा लागला, आणि १९६७ साली मेलबर्न येथे तो उपेक्षित अवस्थेत वारला. ज्या गाडीला आपल्याकडे हिब्रूत 'खिपुशीत' म्हणतात तिच्याकडे पाहताना गांझचे स्मरण ठेवणे अनुचित होणार नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा फार तर पाव ते एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली काही धुरावाटे जाते आणि काही सिलिंडर व हेडच्या धातूत शिरते. ही शिरलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी सिलिंडरांभोवती व हेडवर पातळ पाती ओतलेली असतात. पाती जितकी अधिक तितका हवेचा स्पर्श अधिक. पण नुसता स्पर्श पुरत नाही. हवा वाहती असावी लागते, आणि तीही प्रत्येक पात्यामधून. फोक्सवॅगनमध्ये हे काम डायनॅमोच्या दांड्यावर बसविलेला पंखा करतो. तो एंजिनच्या सुमारे पावणेदोन पट वेगाने फिरतो, वरच्या पत्र्याच्या घुमटात हवा दाबून भरतो, आणि ती हवा सिलिंडरांवरून खाली उतरते. सिलिंडरांच्या खालच्या अंगास बसविलेले छोटे वळणदार पत्रे तिला सरळ निसटू न देता पोटाकडून वळवितात. एंजिनच्या चहूबाजूंस असलेले पत्रे व रबराची पट्टी वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांची सरमिसळ होऊ देत नाहीत.

बग्गी बांधणारे तरुण नेमका येथेच घात करून घेतात. एंजिन उघडे दिसावे, त्याची यंत्रणा डोळ्यांत भरावी, या हौसेपोटी ते पत्रे काढून टाकतात. "चारी बाजूंनी वारा लागतो, मग पत्रे कशास हवेत?" असा त्यांचा युक्तिवाद असतो. परंतु वाळूतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणाऱ्या गाडीस वारा तो कितीसा लागणार? आणि लागला तरी तो पात्यांच्या अरुंद फटींत शिरण्याऐवजी बाजूने निघून जातो. शिवाय खालून आलेली तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो आणि तीच हवा फिरत राहते. आपल्या वाचकबंधूंच्या पुत्राने कोणकोणते पत्रे काढले आहेत, हे प्रथम तपासावे.

तिसराच सिलिंडर का जळाला, याचेही कारण आहे. जुन्या नमुन्यात ऑईल कूलर घुमटाच्या आत, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेतच उभा असे. तेलाची उष्णता घेऊन आलेली हवा त्या बिचाऱ्याच्या वाट्यास येई. १९७१ च्या नमुन्यापासून कंपनीने कूलर घुमटाबाहेर काढून त्यास स्वतंत्र हवा दिली. एंजिन तिसऱ्यांदा खोलणारच असाल तर या नव्या पद्धतीचा घुमट, कूलर व त्याचे सर्व पत्रे मिळवून बसवावेत. हा खर्च वाया जाणार नाही.

एंजिन जुळविताना पुढील क्रमाने जावे. हेड हातात असतानाच पात्यांमधील प्रत्येक फट उजेडासमोर धरून पाहावी. नव्या हेडमध्येसुद्धा ओतकामाच्या वेळी राहिलेला धातूचा पापुद्रा काही फटी बंद करून ठेवतो. तो बारीक कानशीने काढावा. जुन्या भागांवर तेल आणि धूळ यांचा थर बसलेला असतो, तो काढावा. ऑईल कूलर आतून धुऊन घ्यावा, कारण मागल्या बिघाडातील धातूचा चुरा त्यात अडकलेला असतो आणि नव्या बेअरिंगांचा तो काळ ठरतो. सिलिंडरांखालचे वळणदार पत्रे आताच बसवावेत. एंजिन जुळल्यावर ते बसविणे जिकिरीचे होते. हेडचे नट नेमून दिलेल्या क्रमाने व टॉर्क पाना वापरूनच आवळावेत. १० मिलिमीटरच्या स्टडांना ३.२ किलोग्रॅम-मीटर एवढा जोर पुरतो. अधिक जोर लावल्यास हलक्या धातूच्या क्रँककेसमधील आटे उपटून येतात.

व्हॉल्व्हची फट एंजिन पूर्ण थंड असतानाच फिलर गेजने ठरवावी. नंतरच्या एंजिनांस ०.१५ मिलिमीटर व जुन्यांस ०.१० मिलिमीटर ही सामान्य मापे आहेत. तथापि आपल्या एंजिनच्या पुस्तकातील आकडा प्रमाण मानावा. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. तापलेल्या व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता बैठकीतूनच हेडमध्ये उतरते. टेकणेच झाले नाही तर ती जाणार कोठे? व्हॉल्व्ह जळतो तो असा.

टाइमिंग पुढे सरकलेले असेल किंवा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल अपुरे येत असेल तरीही एंजिन तापते. बग्गीवर अनेकजण धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर बसवितात आणि कार्ब्युरेटर मात्र पूर्वीच्याच मापावर ठेवतात. हवा आत घेणाऱ्या नळीच्या सांध्यांतून बाहेरची हवा शिरत असल्यासही हेच घडते. प्लग काढून त्याचा रंग पाहावा : तपकिरी किंवा करडा असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे असे समजावे. घुमटातील झडपा उघडणारा थर्मोस्टॅट ६५ ते ७० अंशांच्या सुमारास काम करू लागतो. तो काढून फेकू नये. झडपांसह सुरळीत चालतो ना, एवढे पाहावे.

यानंतर येतो सर्वांत धोक्याचा क्षण, म्हणजे पहिली सुरुवात. नवे जुळविलेले एंजिन पत्रे व पट्टा चढविण्यापूर्वी "दोनच मिनिटे आवाज ऐकू" म्हणून चालविण्याचा मोह भल्याभल्या मिस्त्रींना आवरत नाही. नव्या रिंगांचे घर्षण आधीच अधिक असते. त्यात हवा नाही. बाहेरून क्रँककेसला हात लावला तर ती कोमट लागते, आणि त्याच वेळी आत हेड व व्हॉल्व्ह धोक्याच्या पलीकडे गेलेले असतात. म्हणून सर्व पत्रे, रबरी पट्टी व पट्टा बसल्याखेरीज एंजिनास स्टार्टर लावू नये. प्रथम प्लग काढून ठेवावेत आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत एंजिन नुसतेच फिरवावे. मग प्लग बसवून सुरू करावे. नवा कॅमशाफ्ट घातला असेल तर सुमारे वीस मिनिटे दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावे, सुस्त चालू देऊ नये. नंतर बंद करून पुरते निवू द्यावे, व्हॉल्व्हच्या फटी पुन्हा तपासाव्यात आणि तेल बदलावे. पट्टा अंगठ्याने दाबला असता सुमारे १५ मिलिमीटर दबला पाहिजे.

या पट्ट्याविषयी थोडे अधिक सांगतो. नागोयात लाल विटांच्या एका जुन्या गिरणीत १९९४ पासून टोयोटाचे यंत्र-संग्रहालय आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग तेथे चालताना दाखवितात. ताण्यातील एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो, म्हणजे वीतभरही सदोष कापड विणले जात नाही. पुढे १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. बिघाड होताच थांबावे, हे तत्त्व येथील कारखान्यांनी त्या मागापासून उचलले. फोक्सवॅगनमध्ये स्वतः थांबण्याची सोय नाही. परंतु पंखा व डायनॅमो एकाच पट्ट्यावर असल्याने पट्टा तुटताच चालकासमोर तांबडा दिवा लागतो. तो दिवा बॅटरीपुरता आहे असे समजून घरापर्यंत गाडी नेणारा मनुष्य एंजिन घालवून बसतो. दिवा लागला की त्याच जागी थांबावे. बग्गीच्या उघड्यावागड्या डॅशबोर्डवर हा दिवा बहुधा गाळलेलाच असतो. तो अवश्य बसवावा, आणि शेजारी तेलाच्या उष्णतेचे मीटरही. तेल १२० अंशांच्या वर जाऊ लागले की विश्रांती घ्यावी.

तेलाविषयी आपणांस वेगळे सांगावयास नको. कुलाबा जिल्ह्यात आपल्या पूर्वजांस 'शनवार तेली' म्हणत. घाण्याचे तेल तापले की पातळ होते, हे त्यांना ठाऊक होते. या एंजिनात अवघे अडीच लिटर तेल असते, आणि वंगणाखेरीज उष्णता वाहून नेण्याचे कामही त्याच्याकडे असते. जुने काळे तेल किंवा कमी पातळी म्हणजे दुहेरी नुकसान. नेगेवच्या उन्हाळ्यात पुस्तकात उष्ण हवेसाठी सांगितलेले जाड तेलच घालावे. वाळूत वरचा गिअर टाकून एंजिनास रखडवू नये. खालच्या गिअरमध्ये फेऱ्या वाढवाव्यात, म्हणजे पंखाही वेगाने फिरतो.

एक धोक्याची सूचना. या एंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. ती एकदा पेटली तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते. म्हणून पेट्रोलच्या जुन्या नळ्या सर्वप्रथम बदलाव्यात, आणि एंजिनजवळ कोरड्या वाळूची बादली व कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे ठेवावे. पेट्रोलचा भडका आरंभीच दाबून टाकला तर धातूपर्यंत आग पोहोचत नाही.

तेव्हा वाचकबंधूंनी एंजिन भंगारात देऊ नये, असे माझे मत आहे. व्हॉल्व्ह, गॅस्केटे, नव्या पद्धतीचा कूलर व हरवलेले पत्रे यांचा खर्च नव्या एंजिनाच्या मानाने पुष्कळ कमी येईल. मात्र हेडला व्हॉल्व्हच्या बैठकींमध्ये तडा गेला आहे किंवा कसे, हे आधी जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावे; तडा असेल तर दुसरे हेड घेणे आले. मुलास एकच अट घालावी : सर्व पत्रे जागेवर बसलेले स्वतः पाहिल्याशिवाय किल्ली त्याच्या हाती द्यावयाची नाही. आणि शक्य असल्यास त्या कामात पित्यानेही हाताला तेल लावून घ्यावे. फिलर गेज एकाने धरावयाचा व पुली दुसऱ्याने फिरवावयाची, हे काम दोघांनी केले म्हणजे सोपे जाते.

पुढील पत्रात डायनॅमो व बॅटरीविषयी लिहीन. आपले प्रश्न संपादकांकडे पाठवावेत. सर्वांस शालोम.