डेक टाका, पण खाली

जुहू कोळीवाडा आमच्या सांताक्रूझ पश्चिमेचाच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. होड्यांच्या डागडुजीचा हा काळ. लहान होडीवर फळ्यांचा डेक टाकायचा तर तोही आताच. पाय ठेवायला सपाट जागा मिळते, हे खरं. पण डेक जितका उंच, तितका माणसांचा आणि जाळ्याचा भार वर जातो आणि होडी कलंडते. म्हणून तो खाली, हलका असावा. तळाचं पाणी उपसायला झाकण ठेवावं. होडी अॅल्युमिनियमची असेल तर तांबंयुक्त औषध मारलेलं लाकूड नकोच. खाऱ्या पाण्यात पत्रा झिजतो.

‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून आला, म्हणजे नावेचा धनी. धन्याने सोयीआधी खलाशांच्या जिवाचा हिशेब करावा.